आधी पाणी, मग भाडं

लातूरच्या बायपासजवळचं एक तीन मजली हॉटेल. वर एका हॉटेल-साखळीची ठळक पाटी, काचेचं दार, काउंटरवर चुरमुऱ्याच्या लाडवाएवढी पितळी घंटा. मे महिन्यातली संध्याकाळ, सहा वाजून गेले तरी भिंतींची धग कमी झालेली नाही. एक कुटुंब गाडीतून उतरून आत आलं. मुलाने मोबाइल पुढे करून बुकिंग दाखवलं, सून सगळ्यांची ओळखपत्रं शोधायला लागली. बरोबरच्या नऊवारीतल्या आजीने मात्र काउंटरकडे पाहिलंही नाही. ती सरळ कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली, नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, थोडं जिभेला लावलं आणि तिथूनच विचारलं, "पाणी कुठलं हाय रे बाळा? बोरचं का नळाचं?" मुलगा ओशाळला. "आई, बुकिंग झालंय आपलं. पैसेपण भरलेत." काउंटरवरचं पोरगं पंचविशीच्या आतलं असेल. त्याला त्या प्रश्नाचं काहीच वाटलं नाही. घरी रोज ऐकत असल्यासारखं त्याने उत्तर दिलं, "सांडायला बोरचं आहे आजी, कमी पडलं की टँकर. प्यायला जार."

तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

कारण मराठवाड्यात गाडी घेऊन फिरायला निघालेला माणूस हॉटेल निवडताना सगळं बघतो. तारे बघतो, फोटो बघतो, भाडं बघतो, नाश्ता आहे का बघतो. आणि नेमकं जे त्या गावाचं असतं तेवढं बघायचं राहतं. साखळी हॉटेल म्हणजे शेवटी काय, तर कुठेही उतरलात तरी खोली सारखी. पांढरी चादर, पायथ्याला रंगीत पट्टा, भिंतीवर टीव्ही, दोन साबणाच्या वड्या, चहाची किटली. हे वचन खोटं नाही. पण पांढऱ्या चादरीखाली जी इमारत उभी आहे ती त्या गावची, टाकीतलं पाणी त्या गावचं, तारेतली वीजही त्या गावची. पाटी कुठलीही लावली तरी हे तिन्ही बदलत नाहीत.

साखळ्यांतही दोन जाती आहेत आणि त्यांत गल्लत केली की फसगत होते. एका जातीत कंपनी स्वतः हॉटेल चालवते. माणसं तिची, नियम तिचे, तक्रारीला उत्तरदायी तीच. टाटांची जिंजर २००४ मध्ये बंगळुरात सुरू झाली तेव्हा कमी भाड्यात नेटकी खोली ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. या जातीची हॉटेलं आपल्या भागात छत्रपती संभाजीनगरला मिळतात, पुढे विरळ होत जातात. दुसरी जात ॲपवाली. तिथे इमारत स्थानिक मालकाची, बहुतेक वेळा आधीचा लॉजच. कंपनी पाटी देते, चादरींचा नमुना ठरवून देते, ॲपवर खोली विकते आणि आपला वाटा घेते. लातूर, नांदेड, जालन्याला जी 'चेन' दिसते ती बरीचशी ही. यात वाईट काही नाही. फक्त आपण कंपनीशी नाही, त्या मालकाशी व्यवहार करतोय हे लक्षात ठेवावं. मालक चांगला असेल तर खोली चांगली. ओळखायची खूण सोपी आहे. पाहुण्यांनी टाकलेले फोटो उघडावेत आणि पाटीखाली किंवा बाजूला जुनं नाव दिसतं का ते बघावं. जुनं नाव सापडलं की नकाशावर त्या नावाने पुन्हा शोधावं. खरे अभिप्राय तिथे असतात, आठ-दहा वर्षांचे. आणि शोधताना गावाची दोन्ही नावं टाकावीत. धाराशिव लिहून चार हॉटेलं दिसतात आणि उस्मानाबाद लिहून आणखी तीन, असा प्रकार अजून होतो.

अभिप्राय वाचतानाही 'नवे आधी' अशी मांडणी करून त्यात 'पाणी' हा शब्द शोधावा. मार्च ते जून या काळात लिहिलेले अभिप्राय वेगळे वाचावेत. नोव्हेंबरात पाच तारे देऊन गेलेल्या माणसाने ते हॉटेल पाहिलेलंच नसतं, असं म्हटलं तरी चालेल.

पाण्याचं आणखी सांगायला हवं. इथे पाणी तीन प्रकारचं असतं आणि तिघांची चव, वास, स्पर्श वेगळा. नळाचं म्हणजे धरणाचं: संभाजीनगर-जालन्याला जायकवाडीचं, लातूर-अंबाजोगाईला मांजराचं, नांदेडला विष्णुपुरीचं. ते मऊ लागतं, साबणाला फेस येतो. पण ते रोज येतंच असं नाही. बोरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं, जड. केस धुतले तर चिकट राहतात, डाळ शिजायला वेळ घेते. आणि टँकरचं पाणी म्हणजे तो टँकर जिथे भरला तिथलं. हॉटेलवाला काहीही सांगो, खोलीत शिरल्यावर चहाची किटली उघडून तळाशी बघावं. पांढरा, खडूसारखा थर बसलेला असेल तर ते बोरचं पाणी. शॉवरच्या चाळणीकडे बघावं. निम्मी भोकं बुजलेली असतात आणि दोन-तीन धारा भलत्याच दिशेला, कधी भिंतीवर, कधी थेट टॉवेलवर उडतात. तोच थर गिझरच्या आतल्या कॉइलवर बसलेला असतो. म्हणून गिझर जुना नसला तरी पाणी लवकर तापत नाही, आणि कॉइल जळून खोलीचा ट्रिप स्विच पडतो. पोरगं येऊन स्विच वर करून जातं, पाच मिनिटांनी पुन्हा पडतो. अशा वेळी गिझर दुरुस्तीची वाट बघत बसू नये, खोली बदलून मागावी.

गिझरचंही एक गणित आहे. पंधरा लिटरचा, दोन हजार वॉटचा गिझर थंडीतलं गार पाणी तापवायला पंधरा-वीस मिनिटं घेतो, आणि विसावण घातलं की त्यात दीड बादली आंघोळीचं पाणी होतं. म्हणजे एका माणसाची सोय झाली, दुसऱ्याने पुन्हा वीस मिनिटं थांबायचं. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर लगेच गरम पाणी देतो खरं, पण धार बारीक ठेवली तरच. एक बादली भरायला आठ-दहा मिनिटं लागतात. नळ पूर्ण सोडला की कोमटच येणार, त्यात गिझरचा दोष नाही. हे झालं २३० व्होल्टला. संध्याकाळी व्होल्टेज उतरून १८०वर आलं की गिझरची ताकद साठ टक्क्यांवर येते, आणि वीस मिनिटांची तीस-बत्तीस मिनिटं होतात. चौघांचं कुटुंब पहाटे सहाला निघणार असेल तर रात्रीच एक-दोघांनी आंघोळ उरकलेली बरी. 'गरम पाणी आहे का' असं विचारू नये, उत्तर कायम 'आहे'च असतं. 'गरम पाणी किती ते किती' असं विचारावं. सोलर असेल तर 'सहा ते नऊ' असं नेमकं उत्तर येतं, आणि ढगाळ दिवसांत तेही नाही.

आता गच्ची. उन्हाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. दिवसभर चाळीस-बेचाळीस अंशांत तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. त्या खोलीत एक टनाचा एसी लावलेला असेल तर तो रात्रभर धापा टाकतो आणि पहाटे तीनला कुठे खोली निवते. तेव्हा मधला मजला मागावा. पश्चिमेची भिंत बाहेरच्या बाजूला असलेली कोपऱ्याची खोली टाळावी. वरच्या मजल्यावर एकच खोली बरी, पाण्याच्या टाक्यांच्या बरोबर खालची. तिथे स्लॅबवर सावली असते. पण तिच्याजवळच पंप असतो आणि तो पहाटे पाचला सुरू होतो, हेही विचारून घ्यावं. काळ्या टाक्यांतलं पाणी दुपारी चारला गार नळातून इतकं कढत येतं की लहान मुलाचे हात भाजतील. पोरांना नळाखाली हात घालू देण्याआधी आपण बोट लावून बघावं.

एसीबद्दल फोनवर एक प्रश्न पुरतो: "लाईट गेली तर जनरेटरवर एसी चालतो का, का नुसता पंखा?" बहुतेक ठिकाणी पंखा आणि दिवा इन्व्हर्टरवर असतो, एसी नसतो. खोलीत गेल्यावर एसी लावून बाहेर निघून जाऊ नये. तीन-चार मिनिटं थांबून हवा खरंच गार येते का बघावं. पंखा फिरतोय, डिस्प्लेवर अठरा दिसतंय आणि हवा मात्र खोलीचीच, असं असेल तर बहुधा व्होल्टेज कमी पडून कॉम्प्रेसर चालूच झालेला नाही. आणि खरं सांगायचं तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत इथला वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर एक टनाच्या दमलेल्या एसीपेक्षा चांगली झोप देतो. अट एकच, समोरची एक खिडकी बोटभर उघडी हवी. सगळं बंद करून कूलर लावला की तासाभरात खोलीत दमटपणा साचतो आणि लोक कूलरला नावं ठेवतात. मृग लागला, हवेत ओल आली की मग मात्र कूलरचा काही उपयोग नाही.

न्हाणीघराचा वास हा तर साखळी हॉटेलांच्या अभिप्रायांतला नेहमीचा विषय. 'अस्वच्छ' असं लिहून लोक मोकळे होतात. पण पुष्कळदा तिथे घाण नसते. फरशीच्या जाळीखाली वाकडी नळी असते, तिच्यात पाणी साठून राहतं आणि ते पाणीच गटारातला वास अडवतं. खोली चार-पाच दिवस बंद राहिली, त्यात उन्हाळा असला, की ते पाणी आटतं आणि वास सरळ वर येतो. दोन तांबे पाणी जाळीत ओतावं, दार लावून एक्झॉस्ट पंखा दहा मिनिटं चालवावा. बहुतेक वेळा वास जातो. नाही गेला तर खोली बदलावी. खोली बंद होती याचा आणखी एक अर्थ असतो. गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची फट मोबाइलच्या उजेडात बघून घ्यावी. तपकिरी ठिपके दिसले तर ढेकूण. हे बघून होईपर्यंत बॅगा पलंगावर टाकू नयेत. चादर रोज बदलतात, वरची रजई रोज धुतात असं नाही, म्हणून गाडीत सोलापूरची एक चादर टाकलेली चांगली. उन्हाळ्यात तेवढी पुरते.

जागेचं बोलायचं तर एसटी स्टँडसमोरचा जुना लॉज आणि बायपासवरचं साखळी हॉटेल यांत गाडीवाल्याला बायपास बरा पडतो. स्टँडजवळ गाडी रस्त्यावर लावावी लागते, आणि पहिली गाडी सुटायच्या आधीपासून लाउडस्पीकर सुरू. पण बायपासवर हॉटेलच्या अगदी समोर गतिरोधक असेल तर ट्रकचे ब्रेक, गिअर आणि हॉर्न रात्रभर. मागच्या बाजूची खोली मागावी. खाली परमिट रूम आहे का, आणि शेजारी मंगल कार्यालय आहे का, हे नकाशावर आधी बघावं. लग्नसराईत मंगल कार्यालय शेजारी असणं नुसतं आवाजाचंच नसतं. वऱ्हाडासाठी वीस खोल्या एकदम मागणारा माणूस दारात आला की 'पैसे हॉटेलवर' असं केलेलं ॲपचं बुकिंग पहिलं कापलं जातं. म्हणून निघताना सकाळी आणि पुन्हा दुपारी फोन करावा. ज्याच्याशी बोललो त्याचं नाव विचारावं, मजला ठरवून घ्यावा, 'पाचपर्यंत पोचतो' असं सांगावं आणि खरंच पोचावं. गाडी गेटच्या आत राहते का, गेटला कुलूप कधी लागतं आणि पहाटे कोण उघडतं, हे त्याच फोनमध्ये.

भाडं सांगताना कर धरलाय का हे स्पष्ट विचारावं. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे, आधी बारा होता. थेट काउंटरवर पैसे भरून कर लावला जात असेल तर पावतीवर जीएसटी क्रमांक हवा. क्रमांक नाही आणि कर आहे, तर शांतपणे विचारावं. नाश्त्यासह भाडं घ्यायचं का, हे निघायच्या वेळेवर ठरवावं. नाश्ता आठला मांडतात आणि आपण सहाला निघणार, तर ते पैसे वाया. त्यापेक्षा वाटेत एखाद्या टपरीवर चुरमुऱ्यांची गरम सुशीला खावी, वर शेंगदाणे आणि लिंबू. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी.

पूर्ण फेरीचा विचार केला तर साखळी हॉटेल तीन मुक्कामांना पुरतं. संभाजीनगर, नांदेड आणि लातूर. संभाजीनगरला वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, त्या हिशेबाने रात्री ठरवाव्यात. अजिंठ्याला सकाळी लवकर पोचायचं असेल तर फर्दापूरला एमटीडीसीचं निवास आहे. संभाजीनगरहून जालना, परभणी करत नांदेड साधारण पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे त्या दिवशी दुसरं काही नको. नांदेडला २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या वेळी राहण्याची सोय बरीच वाढली, आणि गुरुद्वाऱ्याची यात्री निवासं कुठल्याही साखळीपेक्षा स्वच्छ आणि शिस्तीची वाटतात. नांदेड-लातूर दीडशेच्या आत, लातूर-तुळजापूर ऐंशीच्या आसपास, आणि पुढे सोलापूर-धुळे महामार्गाने बीडवरून परत. औंढा, परळी, तुळजापूर, माहूर या गावी साखळी शोधत बसू नये. तिथे भक्तनिवास विचारावं. मात्र बऱ्याच भक्तनिवासांत एकट्या माणसाला खोली मिळत नाही, आणि दर्शनाच्या गर्दीत ऐनवेळी काहीच मिळत नाही. नवरात्रात तुळजापूर, महाशिवरात्रीला परळी-औंढा-वेरूळ, नाथषष्ठीला पैठण, मार्गशीर्षात लोह्याजवळची माळेगावची यात्रा, या तारखा पंचांगात बघूनच निघावं. लातूरला मे महिन्यातली नीटची परीक्षा आणि जूनमधले प्रवेश, या दिवसांत खोल्या पोरांच्या आईवडिलांनी भरलेल्या असतात. कुणी निलंग्याहून, कुणी पार कंधारकडून. त्यांच्याशी स्पर्धा करू नये, अंबाजोगाईला सरकावं. आणि दिवाळीपासून मार्चपर्यंत अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना चकाकणारी पट्टी. सोळा टन ऊस अंधारात रस्त्याच्या रंगाचाच दिसतो.

साखळीच्या पाटीने या गावांत काही गोष्टी सुधारल्या हे मान्य करायलाच हवं. पूर्वी बाईमाणसाला घेऊन लॉजवर उतरायचं म्हटलं की घरात कुजबुज व्हायची. खाली दारू, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, खोलीच्या कडीला नुसता तारेचा आकडा. आता काउंटरवर कॅमेरा असतो, दाराला आतून नीट खिटी असते, नोकरीच्या कामाने एकटी आलेली मुलगी निर्धास्त झोपते. पोरींच्या परीक्षेला आईने एकटीने लातूरला येऊन राहणं आता नवलाचं राहिलेलं नाही. हे मोठं आहे. आणि त्याच खोलीत शॉवरखाली उभं राहिलं की जरा चुटपुटही लागते. शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी टाकतो. वीस खोल्या, खोलीत दोन माणसं, माणशी दीडशे लिटर धरले तर रोजचे सहा हजार लिटर. म्हणजे दोन दिवसांत एक मोठा टँकर. याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर होतं, आणि ते बघायला लोक स्टेशनवर जमले होते. 'टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर दांडीवर ठेवा' अशी छापील चिठ्ठी जगभरच्या साखळ्यांत असते. इथे ती वाचून टॉवेल खरोखर दांडीवर ठेवावा, आणि शॉवर बंद करून बादली घ्यावी. बादली नसेल तर मागावी, देतात.

त्या संध्याकाळी काउंटरवरच्या पोराने दोन किल्ल्या पुढे केल्या. मुलगा घेणार एवढ्यात आजी बेसिनकडून आली, ओला हात पदराला पुसत. "वरच्या मजल्याची नगं. मधली दे," ती म्हणाली. पोराने एक किल्ली मागे घेऊन दुसरी काढली. "आन् बादली हाय का आत?" बादली होती. मग ती सुनेकडे वळली, "बाटल्या काढ गाडीतल्या, जार भरल्याला हाय तवर भरून घिऊ," आणि जाऊन जारशेजारी उभी राहिली.